पांढरं राहिलेलं कापड

१

शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एकाला वारा कळतो, इंजिन कळत नाही. दुसऱ्याला दोन्ही कळत नाहीत, पण टोपी झकास असते. तीस वर्षं मी या धक्क्यावर बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतोय, तिसरा प्रकार अजून माझ्यासमोर आलेला नाही.

यांचं इंजिन जिन्याखाली कोंबलेलं असतं. केबिनमध्ये उतरायच्या चार पायऱ्या, पायऱ्यांमागे एक फळी, फळीमागे इंजिन. वर्षभर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मग एक दिवस ते धूर ओकायला लागलं की धावत माझ्याकडे यायचं आणि वर मलाच सांगायचं, काय बिघडलंय ते. कुणी नेटवरून काढलेले कागद आणतं, कुणाच्या साडूने काहीतरी सांगितलेलं असतं. मी ऐकून घेत नाही. मी कापड लावतो.

कापड म्हणजे मांजरपाटाचा वीतभर पांढरा तुकडा. बोटीच्या मागच्या फळीतून धुराचा पाइप बाहेर येतो. त्याच्या तोंडावर चार बोटं अंतर ठेवून कापड धरायचं. एकदा इंजिन थंड असताना, एकदा तापल्यावर, आणि एकदा बोट धक्क्याला घट्ट बांधून पूर्ण जोर लावल्यावर. काळी काजळी आली तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. निळसर, तेलकट डाग आला तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर आणि डिझेलचा वास आला तर नोझल नीट फवारत नाही. संपलं. यात मालकाच्या मताला जागा नाही.

कापडांवर तारीख टाकून मी ती शेडमधल्या तारेवर लटकवतो. एक मात्र दाराशीच टांगलेलं आहे, तीस वर्षांतलं सगळ्यांत स्वच्छ. खरं तर ते अर्धंच आहे, उरलेलं अर्धं मी फाडून त्या बोटीच्या मालकाला दिलं होतं. येणाऱ्याने आधी ते बघावं आणि मग तोंड उघडावं, एवढ्यासाठी ते तिथे आहे.

त्या सोमवारी दातांचा डॉक्टर आला. त्याने ते बघितलंच नाही आणि तोंड उघडलं. मागच्या फळीवर रोज काजळी बसते, धूर काळा येतो, रविवारी बायकोला घेऊन पंधरा दिवसांच्या सफरीला निघायचंय. हातात फाइल होती, फाइलमध्ये रंगीत आलेख. म्हणे इंजेक्शन पंपाचं टायमिंग असावं. मी त्याला म्हटलं, डॉक्टर, मी तुमच्या खुर्चीत बसून माझी कुठली दाढ काढायची ते सांगतो का? यात तुमच्या मताला जागा नाही. तो हसला. दात अर्थातच छान होते.

गंमत म्हणजे, दाराशी टांगलेलं ते कापड याच बोटीचं होतं. मागच्या वर्षीचं, आधीच्या मालकाच्या वेळचं.

२

मंगळवारी कामाला लागलो. पहिलं कापड काळंकुट्ट. यात काही जादू नव्हती. एअर फिल्टरचा स्पंज कुजून लगदा झालेला. पाण्याखालच्या पंख्यावर बारीक शिंपल्यांचा एवढा थर, की इंजिन बिचारं पोत्यात पाय घालून पळत होतं. फिल्टर बदलला, पाणबुड्याला सांगून पंखा खरवडून घेतला, परत कापड लावलं. तरी काळंच. म्हणजे नोझल. ती काढून शेडमध्ये नेऊन तपासायची ठरवली.

ती काढायला केबिनमध्ये उतरलो, तेव्हा डाव्या बाकावरची गादी दिसली. पांढऱ्या खोळीवर काजळीचा पातळ थर बसलेला, सगळीकडे सारखा. फक्त मधोमध कोरी जागा. कुणीतरी कुशीवर झोपून उठावं तशी: गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात उशाखाली. बाई असावी किंवा लहान चणीचा पुरुष.

माझं डोकंच सणकलं. केबिनमध्ये काजळी म्हणजे कुठेतरी गळती, आणि त्यात हा शहाणा गादीवर आडवा पडून झोपा काढतोय. आधी गळती शोधली. सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. खोळ झटकली, गादी पुसली, नोझल काढून रुमालात गुंडाळली, आणि डॉक्टरला फोन करून चांगलं झापलं.

तो म्हणाला, त्या गादीवर कुणीच झोपत नाही. तिथे आम्ही शिडं ठेवतो. शिडं आजच शिवायला पाठवली.

खोटं कसं बोलावं हेसुद्धा या लोकांना धड जमत नाही, असं मी मनात म्हटलं.

३

बुधवारी परत गेलो, तर गादी पुन्हा काळी. मधोमध तीच कोरी जागा, तेच गुडघे.

आता नीट ऐका, कारण मीही स्वतःला हे चारदा सांगितलं. नोझल माझ्या शेडमध्ये होती. नोझल नसलेलं डिझेल इंजिन म्हणजे दगड. ते सुरू होत नाही, धूर काढत नाही, काजळी टाकत नाही. केबिनच्या सरकत्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. मग मी वाऱ्यावर ढकललं, शेजारच्या बोटीवर ढकललं, डॉक्टरकडच्या दुसऱ्या किल्लीवर ढकललं. खिशातून टेप काढून आकार मोजला. कुशीवर, गुडघे मुडपलेले, तरी उंची पाच फुटांच्या आतच. तोंड जिन्याकडे, म्हणजे इंजिनाकडे.

मग टेप गुंडाळला आणि पायरीवर बसून राहिलो. कारण मला ती चण माहीत होती.

सांगतो. टाळण्यात अर्थ नाही.

आधीच्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणायचे. आयुष्यभर पोस्टात शिक्के मारलेला माणूस, निवृत्त झाल्यावर बोट घेतली आणि दाढी वाढवली. मागच्या वर्षी तो माझ्याकडे तीनदा आला. तक्रार इंजिनाची नव्हती, बायकोची होती. केबिनमध्ये झोपली की तिचं डोकं दुखतं, मळमळतं. मी कापड लावलं. स्वच्छ. दुसऱ्यांदा लावलं, स्वच्छ. तिसऱ्यांदा तर असं निघालं, की मी ते धक्क्यावरच्या चार लोकांना दाखवलं. मी कॅप्टनला म्हटलं, मला कापडावर काय आहे ते कळतं, तुमच्या बायकोच्या डोक्यात काय आहे ते नाही. लोक हसले. कॅप्टनपण हसला. ते कापड फाडून अर्धं मी त्याला दिलं, बायको परत काही म्हणाली तर दाखवायला.

तिसऱ्या वेळी ती स्वतः आली होती. बुटकी, चष्मेवाली, मागे उभी. सगळे हसून झाल्यावर तिने मला विचारलं, "इंजिन चालतंय म्हणजे धूर तर होतच असेल ना? तो कापडावर नाही, तर जातो कुठे?"

मी उत्तर दिलं नाही. मी कॅप्टनकडे बघून डोळा मारला.

पुढच्याच महिन्यात ती केबिनमध्ये दुपारची झोपली आणि उठलीच नाही. बोट तेव्हा इंजिनावर चालली होती, कॅप्टन वर सुकाणूवर होता. वय अडुसष्ट. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय. कॅप्टनने बोट विकायला काढली आणि या दातवाल्याने घेतली. विक्रीआधी इंजिन तपासायला मलाच बोलावलं. इंजिनातून धूर जिथे वळून पाइपात जातो, तिथे एल्बो असतो, पट्टीने गुंडाळलेला. ती पट्टी मी कधी सोडली नव्हती. कापड स्वच्छ असताना कोण सोडणार? त्या दिवशी सोडली. एल्बोला मागून बोटभर चीर होती, कडा काजळीने मखमलीसारख्या झालेल्या. धूर मागच्या पाइपातून जातच नव्हता. तो फळीच्या फटीतून केबिनमध्ये जात होता. कापड स्वच्छ होतं ते त्यामुळे.

मी नवा एल्बो बसवला. जुना रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकला, झाकण ठोकलं, डबा शेडमधल्या फळीवर मागे सरकवला. कुणाला काही बोललो नाही. कापड दाराशीच राहू दिलं. काढलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का काढलं.

४

गुरुवारी सकाळी आमची ही उशीचा अभ्रा घेऊन समोर उभी राहिली. अभ्र्यावर दोन काळे ठिपके, शेजारी शेजारी, नाकपुड्यांएवढ्या अंतरावर. म्हणाली, तोंडाला फडकं बांधून काम करत जा म्हटलं तर ऐकायचं नाही, आणि धुवायचं मी. मी म्हटलं, इंजिन बंद आहे. ती म्हणाली, "मग हे कुठून आलं?" आणि अभ्रा बादलीत टाकून निघून गेली. तिला उत्तर नको असतं, तिला फक्त मी चूक आहे एवढं पुरतं. बत्तीस वर्षांत बरेचदा ती बरोबर निघाली, तो भाग वेगळा.

नळाखाली नाक शिंकरलं. पाणी राखाडी गेलं. म्हटलं, तीस वर्षांचा धूर आहे, कधीतरी निघणारच.

नोझल तपासली. दोन गळत होती. बदलली, म्हणजे काळ्या धुराचं कारण सापडलं. शेडमध्ये दार लावून हसलोसुद्धा. बाकी सगळी मनाची भुतं, म्हटलं. दुपारी ती बसवून आलो, दाराला कुलूप घातलं, धक्क्यावर बसून हत्यारं पुसत होतो.

पुसण्याचा आवाज दोनदा येत होता. एकदा माझ्या हातातून, आणि एकदा बोटीतून. कोरड्या कापडाने काच घासल्याचा, बारीक, किंचित करकरणारा. मी हात थांबवला. बोटीतला थांबला नाही.

डावीकडची केबिनची गोल खिडकी आतून काळवंडलेली होती. तिच्यात मधोमध एक स्वच्छ वर्तुळ झालं होतं, बशीएवढं. मी बघत असताना ते थोडं मोठं झालं. मी कुलूप उघडायला गेलो नाही. किल्ली खिशात होती, दहा पावलांवर बोट होती, भर दुपार होती, आणि मी, ज्याने अख्ख्या धक्क्याला भित्रे म्हटलंय, हत्यारं तिथेच टाकून शेडमध्ये येऊन बसलो.

५

शुक्रवारी कॅप्टनकडे गेलो. स्वतःला कारण सांगितलं, की बोटीची तिसरी किल्ली त्याच्याकडे राहिली असेल. दोन खोल्या, दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दाढी काढून टाकली होती, त्यामुळे तो परत पोस्टातला दिसत होता. मला बघून त्याला एवढा आनंद झाला, की माझी मलाच शिसारी आली. किल्ली नव्हती. मी आडून विचारलं, बाई कुठल्या बाकावर झोपायच्या. डाव्या, तो म्हणाला. कंबर दुखायची म्हणून गुडघे पोटाशी घेऊन, माझ्याकडे तोंड करून, म्हणजे जिन्याकडे.

चहा दिला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. इंजिनाचा काही दोष नव्हता, हे तुमच्यामुळे मला माहीत आहे. नाहीतर मी वर बसलो होतो आणि ती खाली, या विचाराने मला जगू दिलं नसतं."

बोलायची वेळ तीच होती. कप ओठाला लावून मी ती घालवली.

तो उठून चष्म्याची डबी घेऊन आला. तिची. तुम्ही दिलेलं कापड तिने यात ठेवलं होतं, म्हणाला, चष्मा पुसायला. काचेवर डाग तिला खपायचा नाही. घरातल्या, बोटीतल्या, सगळ्या काचा पुसत बसायची. घरी आल्यावर मी तिला म्हटलं होतं, हे बघ, मिस्त्रींनी लिहून दिल्यासारखंच आहे, आता उगाच डोकं दुखतं म्हणू नकोस. त्यानंतर परत म्हणाली नाही.

डबी उघडली. कापड काळं होतं. घडी उलगडली तशी आतूनही काळं, ओलसर, ताज्या काजळीने.

"हे काही कळत नाही बघा," कॅप्टन म्हणाला. "मी रोज धुतो."

त्याच्या बोटांना लागलं होतं. त्याने ती शर्टाला पुसली आणि मला आणखी चहा हवा का विचारलं. मी नको म्हणून उठलो. शेडवर आलो तर दाराशी टांगलेलं अर्धं कापड होतं तसंच होतं, पांढरं स्वच्छ.

६

शनिवारी चाचणी. थंड इंजिनावर कापड लावलं, तापल्यावर लावलं, पूर्ण जोरावर लावलं. मंगळवारी त्याच पाइपातून डांबर पडत होतं. आता तिन्ही कापडं पांढरी. नुसती चांगली नाहीत, पांढरी. डिझेल जाळणारं कुठलंही इंजिन एवढं स्वच्छ नसतं, हे मला मागच्या वर्षीच कळायला हवं होतं. पण मागच्या वर्षी मी चार लोकांना दाखवत होतो.

एल्बो परत सोडला. नवाकोरा, कुठे चीर नाही, केसाएवढी नाही. जोडांवर फेस लावला, मेणबत्ती फिरवली, ज्योत हलली नाही. केबिनही साफ होती, गादीसुद्धा. गळती कुठेच नव्हती. डॉक्टर कापड हातात घेऊन नाचायचाच बाकी होता. मी त्याला म्हटलं, आठवडाभर थांबा, अजून बघतो. तो म्हणाला, काय बघणार? मी एल्बोवर परत एकदा बोट फिरवलं. एवढंच सांगितलं, की काहीही झालं तरी केबिनचं दार उघडं ठेवा.

रविवारी सकाळी अकराला ते निघाले. बायको त्याच्याहून दिसायला बरी शहाणी, जाड वेणीची, सामान लावायला खाली उतरलेली. इंजिन दहा मिनिटं चालू होतं. दोर माझ्या हातात, सोडायचा बाकी. ती वर आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"माझं डोकं एकदम धरलंय," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. तिन्ही पांढरी कापडं त्याने कठड्याला झेंड्यासारखी बांधली होती, त्यांच्याकडे हात केला. "मिस्त्री, सांगा हिला."

मी दोर खांबाला परत गुंडाळला. "उतरा, बाई," मी म्हटलं. "आधी उतरा." आणि मग सगळं सांगितलं. एल्बो, चीर, रंगाचा डबा, कॅप्टनची बायको, तिने विचारलेलं, मी मारलेला डोळा. गादीचं सांगितलं, काचेचं सांगितलं. तीस वर्षांत मी एवढं सलग बोललो नव्हतो, आणि बोलताना मला ऐकू येत होतं की मी अगदी त्या मालकांसारखा बोलतोय, ज्यांना मी ऐकून घेत नाही.

ती उतरली. चप्पलसुद्धा बोटीतच राहिली.

डॉक्टर लाल झाला होता. "म्हणजे तुम्ही एक बाई मारलीत आणि वर्षभर गप्प बसलात," तो म्हणाला. "त्याचं आपण आल्यावर बघू. पण एल्बो नवा आहे, तुम्हीच बसवलाय. जोड तुम्हीच तपासलेत. कापड पांढरं आहे, तेही तुमचंच. आता भुताखेताचं सांगू नका. यात तुमच्या मताला जागा नाही."

त्याने बायकोला सांगितलं, एक फेरी मारून येतो, तासाभरात, मग तुझी खात्री पटेल. दोर स्वतःच सोडवून घेतला. मी धरून ठेवायला हवा होता, पण तो जे बोलत होता ते सगळं बरोबर होतं.

बोट धक्क्यापासून सुटली. आम्ही दोघं उभे राहिलो, मी आणि ती, अनवाणी. पाणी शांत. इंजिनाचा ठेका एकसारखा, कुठे अडखळ नाही, माझं काम फार चांगलं झालं होतं. कठड्याला पांढरी कापडं हलत होती.

"अहो," ती म्हणाली, "मागून धूर दिसतच नाहीये. इंजिन तर चालू आहे. मग जातो कुठे?"

या वेळी मी उत्तर दिलं. "आत," मी म्हटलं, आणि त्याला हाका मारायला लागलो.

बोट वळून आडवी झाली, डावी बाजू आमच्याकडे. गोल खिडकी काळी होती. तिच्या मधोमध स्वच्छ वर्तुळ, आणि त्याच्या आत काहीतरी पांढरट, गोल गोल फिरणारं, शांतपणे, घाई नसल्यासारखं. तिलाही ते दिसलं असावं, कारण तिने माझा दंड धरला. वर डॉक्टर सुकाणूवर उभा होता. त्याने हात कपाळाला नेला, दोन बोटांनी चोळलं. मग सुकाणू दोरीने अडकवलं आणि तो खाली जायला लागला. मी घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. त्याला इंजिनापुढे ऐकू जाणं शक्य नव्हतं.

चार पायऱ्या तो तोंड पुढे करून उतरला, एकदाही मागे वळला नाही. त्याचं डोकं खाली गेलं, आणि त्याच्यामागे केबिनचं दार सरकत आलं आणि हळूच लागलं.